गाडीची घागर

अणदूर
१२ डिसेंबर १९८६

रामकिसन,

जयभीम. तुझ्या आईला सांग, माझा खोकला गेला. आता कामाचं.

सोसायटीच्या पिकअपचं इंजन संपलं. पेट्रोल पितंय आन् धूर सोडतंय, दुसरं काय करत न्हाय. ऑइल घातलं की चार दिसात गायब. चढावर पहिल्या गिअरात बी मागून ढकलावं लागतंय, आन् ढकलणारी माणसं कोण, तर ज्यांना पाणी पाहिजे तीच. काल वस्तीवरचा दगडोबा म्हणला, ड्रायव्हरसाब, गाडी हितंच राहू द्या, आमी टाकी खांद्यावर नेतो.

दूध बंद झालं ते तुला कळलंच असंल. जनावरं निम्मी इकली, निम्मी छावणीत. सोसायटीत कॅनं पालथी पडल्यात. म्हणून चेअरमन नानासाहेबांनी तहशिलीत बोलून गाडीवर पाण्याची टाकी बसवून घेतली. तळ्याखालच्या विहिरीत गोडं पाणी हाय, ते भरायचं आन् डोंगरावर खैरवस्तीला चढवायचं. दिवसाला दोन खेपा. वर त्रेचाळीस घरं हाईत. त्यांची बोअर कोरडी गेली. गावातल्या बोअरला पाणी हाय पण मचूळ, त्यात डाळ शिजत न्हाय आन् लेकरांची पोटं बिघडत्यात. म्हंजी आपली टाकी वर गेली तर वस्ती राहणार, न्हाय गेली तर उठणार. तिसरं काय न्हाय.

नानासाहेब म्हणत्यात, नवी गाडी मिळायची न्हाय, हिचंच इंजन काढून डिझेलचं बसवता येतंय का बघा. म्या म्हणलं, माझा भाचा सोलापुरात गॅरेजला हाय, त्याला इचारतो. तर इचारलं. होतंय का न्हाय तेवढं कळव. लांबण लावू नको.

पिराजी मामा

पत्र म्याच लिहिलंय. मास्तरला सांगितलं की तो खुशाली इचारण्यातच कागद संपवतो.

•

सोलापूर
१९ डिसेंबर १९८६

मामांना जयभीम.

होतंय. इंजिन सापडलं आहे. हायवेवर उलटलेल्या एका छोट्या ट्रकचं आहे, चार सिलिंडर, डिझेल. भंगारवाल्याकडं पडून होतं. मी उघडून बघितलं. ब्लॉक चांगला, क्रँक चांगली, वरचं झाकण, म्हणजे हेडपण चांगलं आहे. रिंगा नव्या टाकतो, नोझल साफ करून घेतो, पंप सेट करून आणतो. तुमच्या गाडीच्या चासीत ते बसवायला पट्ट्या कापून वेल्ड कराव्या लागतील. गिअरबॉक्स तीच राहील, मधे प्लेट टाकून जोडतो. आठ दिवस धरा.

एक अडचण आहे. तुमचा रेडिएटर पेट्रोल इंजिनाच्या मापाचा, लहान. डिझेलला मोठा पाहिजे. सोसायटीला विचारून बघा.

आई म्हणते, आल्यावर चार दिवस निवांत राहायचं. दरवेळी चहा उभ्यानं पिऊन पळता.

तुमचा
रामकिसन

•

अणदूर
२० जानेवारी १९८७

रामकिसन,

पोचलो. वाटेत एकदा बी थांबलो न्हाय. नळदुर्गच्या पुढं एका ट्रकवाल्यानं हात करून इचारलं, म्हातारबा, पिकअपच्या पोटात काय घातलंय. म्या म्हणलं, तुझ्यापेक्षा मोठं.

दुसऱ्या दिशी टाकी भरून चढाला लावली. दगडोबा आन् चार गडी ढकलायला खाली येऊन थांबलेले. त्यांच्या बाजूनं दुसऱ्या गिअरात वर गेलो. ते मागनं पळत आले. वर बायांनी इंजनाला हळदीकुंकू लावायचं काढलं. म्या म्हणलं, लावायचं तर बाहिरनं लावा, आत बोट घातलं तर पंखा बोट ठिवणार न्हाय. मग बसल्या गप.

आता वाईट ते. वर पोचस्तवर रेडिएटर उकळतोय. झाकण उघडलं की निम्मं पाणी वाफ होऊन जातंय. एका खेपंला अर्धी घागर घालावी लागते. रेडिएटर मोठा मागितला तर कमिटीनं न्हाय म्हणलं, इंजन दिलं तेच पुष्कळ. मग नानासाहेबांनी ठरवून दिलं की टाकीतनं रोज एक घागर गाडीसाठी बाजूला काढायची. दगडोबाकडं वस्तीची यादी असती, घरटी किती घागरी ते त्यात लिहिलंय. त्यानं खाली एक ओळ वाढवली, गाडीची घागर. म्हणला, चव्वेचाळिसावं घर.

यादीवरनं रोज भांडण. त्रेचाळीस घरांच्या यादीत एका बाईचं नाव न्हाय, केशरबाईचं. नवरा मेल्यावर भावाकडं येऊन राहिली व्हती. भाऊ पुण्याला गेला तर यादीतनं त्याचं घर कापलं. म्हंजी ही राहिली वस्तीत पण यादीत न्हाय. दगडोबाला म्या इचारलं तर म्हणतो, हिला दिलं तर उद्या दहा जण भैणी आणून उभ्या करतील. त्याचं बी खोटं न्हाय. ती रांगंच्या शेवटाला रिकामी घागर घिऊन उभी राहते. मागत न्हाय. टाकीचा नळ बंद झाला की निघून जाते.

तू गाडी देताना दहा गोष्टी सांगितल्यास. माझ्या ध्यानात चार राहिल्या. लिहून पाठव. गरज असंल तेवढंच.

मामा

•

सोलापूर
३१ जानेवारी १९८७

मामांना जयभीम.

तुम्ही थोडक्यात लिही म्हणता, पण यावेळी वाचाच.

ऑइल दर सोमवारी बघायचं. डिझेल गाळून घ्यायचं, धोतराचं फडकं चालेल. डिझेलची टाकी रिकामी पडू दिली तर पाइपात हवा शिरेल आणि गाडी सुरू होणार नाही. वर पोचल्यावर लगेच बंद करायची नाही, पाच मिनिटं तशीच चालू ठेवायची.

आणि पाणी. रेडिएटरात गोडंच पाणी पाहिजे. तुमच्या गावच्या बोअरचं मचूळ पाणी एक दिवस पण घालायचं नाही. ते उकळलं की पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहतो. रोज उकळणार, रोज नवा क्षार बसणार. हेडच्या आत पाणी फिरायला बोटाएवढ्या वाटा असतात, त्या बुजतात. मग काट्यावर गरम दिसत नाही आणि आत हेड तडकतं. तुम्ही तांब्यात पाणी तापवता, त्याच्या बुडाला पांढरं बसतं, तसंच.

अजून एक. सकाळी सुरू करताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो का बघा. येत असला तर लगेच कळवा. हे विसरू नका.

केशरबाईचं वाचून आईला वाईट वाटलं. म्हणाली, पिराजीला सांग, यादी माणसांनीच केलेली असते.

रामकिसन

•

अणदूर
३ मार्च १९८७

रामकिसन,

धूर काळा येतोय, पांढरा न्हाय. पत्रात इचारलंस, मधल्या कार्डात बी इचारलंस, दोनदा सांगितलं. तुला त्या धुराचं काय पडलंय.

गोडंच पाणी घालतो. पुन्हा पुन्हा लिहू नको. मी मिल्ट्रीत गाडी चालवली तेव्हा तू जन्मला नव्हतास.

विहिरीचं पाणी खाली गेलंय. आधी टाकी तासात भरायची, आता तीन तास लागत्यात. सकाळी जाऊन नंबर लावतो. तिथं बाया, पोरं, डबे, हंडे. मिल्ट्रीच्या मेसला एवढी गर्दी नव्हती. मी पाइप आत सोडला की सगळ्यांची तोंडं बंद होत्यात आन् सगळे पाइपाकडं बघत्यात. मला ते आवडत न्हाय. पण वर त्रेचाळीस घरं बसल्यात.

केशरबाईचं भागलं. कसं ते इचारू नको. रोज एक घागर मिळते तिला. तिला वाटतंय यादीत नाव घातलं. परवा भाकरी अन् लसणाची चटणी फडक्यात बांधून आणली, म्हणली, ड्रायव्हरदादा, तुमी साहेबाला सांगितलं म्हणून झालं. म्या घेतली. चटणी लई तिखट व्हती.

रेडिएटरच्या झाकणाला पांढरं धरतंय. चिंचेनं घासलं की निघतं. इंजन बाकी बेस.

तू येतो म्हणला व्हतास उन्हाळ्यात. आलास तर ये, न्हायतर राहू दे. हितं आंघोळीला पाणी मिळायचं न्हाय, सांगून ठिवतो.

मामा

•

सोलापूर
१२ मार्च १९८७

मामा,

झाकणाला पांढरं धरतंय हे वाचल्यापासून माझं डोकं चालत नाही. गोड्या पाण्यानं पांढरं धरत नाही, एवढं तरी धरत नाही. म्हणजे दुसरं काहीतरी आहे. कुठंतरी आतून पाणी जात असणार.

माझं ऐका. चार दिवस गाडी उभी करा. मी हेड उघडून बघतो, लागलं तर दुसरं टाकतो. खर्चाचं सोसायटीला सांगू नका, ते मी बघतो. फक्त चार दिवस.

चढाला तर लावूच नका.

रामकिसन

•

(पोस्टकार्ड)
अणदूर, १७ मार्च

चार दिवस गाडी उभी केली तर वस्ती काय पिणार ते लिहिलं न्हाईस. चढाला लावू नको म्हणतोस, पाणी काय डोंगर खाली येऊन पिणार हाय का. गाडी चालतीय. भिऊ नको. मामा.

•

अणदूर
२२ एप्रिल १९८७

रामकिसन,

काल गाडी गेली.

दुसरी खेप व्हती, उन्हाची. निम्म्या चढावर खटकन आवाज झाला, मोठा न्हाय, लाकूड चिरताना होतो तेवढाच. काटा मधातच व्हता. पुढचं काय दिसंना, नुसती वाफ. गाडी मागं सरकायला लागली. भरल्या टाकीचं वजन, ब्रेक धरंना. म्या स्टेरिंग दरीकडनं डोंगराच्या कड्याकडं मारलं आन् मागचं चाक दगडाला लावलं. तशीच उभी हाय. मला काय लागलं न्हाय.

वर वस्तीनं वाफ बघितली. त्यांना वाटलं आग लागली. सगळे पळत आले, बाया, लेकरं, म्हातारी माणसं. येताना घागरी आणल्या. आग इझवायला न्हाय. टाकी घाटातच उभी हाय म्हणल्यावर तिथंच नळ उघडला आन् रांग लागली, उन्हात, वाकड्या गाडीजवळ. दगडोबानं यादी वाचली. कुणी भांडलं न्हाय. हे बघून मला जास्त वाईट वाटलं. भांडले असते तर बरं झालं असतं.

हेड काढून यष्टीनं पाठवलंय, कंडक्टरकडं तुझं नाव दिलंय. स्टँडवरनं उचल. जेवढ्या लवकर होईल तेवढं कर. गाडीवाचून दुसरी सोय न्हाय. बैलगाडीत पिंपं ठिवून न्यावं म्हणलं तर बैल छावणीत आन् छावणीवाले सोडत न्हाईत. टँकर तहशिलीत मागितलाय. ते म्हणले, पाठवू. हे त्यांनी डिसेंबरात बी म्हणलं व्हतं.

काम कर. माझी चौकशी करू नको.

मामा

•

सोलापूर
२५ एप्रिल १९८७

मामा,

तुमचं पत्र आलं. हेड अजून स्टँडवर पोचलेलं नाही, उद्या परत बघायला जातो. पण हेड बघायच्या आधीच मला सांगायचं आहे. बघितल्यावर मी सांगेनच याचा भरवसा नाही.

ते हेड चांगलं नव्हतं. दोन नंबरच्या सिलिंडरजवळ केसाएवढी चीर होती. मी ते आधीच बघितलं होतं. दुसरं जुनं हेड सोलापुरात कुठंच मिळत नव्हतं, नवं सोसायटीला परवडणारं नव्हतं, आणि तुम्ही लिहिलं होतं की तिसरं काय नाही. म्हणून हुसेनी मिस्त्रीकडून कास्टिंगचं वेल्डिंग मारून घेतलं, घासून साफ केलं आणि बसवलं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही नानासाहेबांना सांगितलं असतं, आणि कमिटीनं काम दिलं नसतं. मला ते काम पाहिजे होतं. पैशासाठी नाही. मामाच्या गावची गाडी मी उभी केली, असं लोकांनी म्हणावं म्हणून.

चिरेतून पाणी आत गेलं की पांढरा धूर येतो. तो आला का, म्हणून मी रोज पोस्टमनची वाट बघत होतो. तुम्ही येत नाही लिहिलं की मी जेवत होतो.

ती चीर उघडली असणार. तुम्ही कड्याला गाडी लावली नसती तर काय झालं असतं, ते मी लिहीत नाही. नवीन हेड मी माझ्या पदरचं बसवून देतो. पुण्याहून मागवलं आहे, पंधरा दिवस तरी लागतील. नानासाहेबांना काय सांगायचं ते सांगा. खरं ते सांगा.

रामकिसन

•

अणदूर
१ मे १९८७

रामकिसन,

पत्र मिळालं. तू मला सांगायचं व्हतं.

नानासाहेबांना सांगितलं. त्यांनी कमिटीत सांगितलं. सोलापूरच्या गॅरेजवाल्यानं तडकलेलं हेड घातलं, असं ठराव बुकात लिहून घेतलंय. तुझं नाव बी लिहिलंय. एक जण म्हणला, भाच्याला काम दिलं की असं होतं. म्या टँकरचं काय झालं ते इचारलं.

टँकर आला न्हाय. वस्तीवाले पहाटे उठून खाली विहिरीवर येत्यात, वर नेस्तवर निम्मं सांडतंय. चौदा घरं गेली. इटभट्टीवर, खडी फोडायला, कुणी लातूरकडं. जाताना दगडोबानं त्यांची नावं यादीतनं कापली. तो कापत व्हता आन् ते उभे राहून बघत व्हते.

हेड कधी येतंय तेवढं लिही. दुसरं काय लिहू नको.

पिराजी

•

सोलापूर
१० मे १९८७

मामा,

तुमचं हेड चार दिवस एस.टी.च्या पार्सल खोलीत पडून होतं. मी आणून टेबलावर ठेवलं. आधी दोन नंबर बघितला. वेल्डिंग जसं मारलं होतं तसंच आहे. हुसेनी मिस्त्रीला बोलावून दाखवलं, त्यानं हातोडीनं ठोकून बघितलं. नाही हललं.

हेड तीन नंबरला तडकलंय, आरपार. पाण्याच्या वाटांत तार घातली तर तार जात नाही. पांढरा दगड झालाय आत. मी पटाशीनं फोडून काढला. ओंजळभर निघाला. जिभेला लावून बघितला, तुमच्या गावच्या बोअरची चव आहे. लहानपणी सुट्टीत यायचो तेव्हा ते पाणी प्यायलो आहे, विसरलो नाही.

मी कुणाला काही सांगितलेलं नाही. आईला पण नाही. मिस्त्रीला म्हणालो, जुनाच क्षार असेल.

ठराव बुकात जे लिहिलंय ते तसंच राहू द्या. मी इथं आहे, मला तुमच्या गावात रोज तोंड दाखवायचं नाही. तुम्हाला दाखवायचंय. त्यात तुमची नोकरी आहे. आणि माझं वेल्डिंग खोटंच होतं, ते टिकलं हे माझं पुण्य नाही. मग नाव लागलं तर लागलं.

नवं हेड आलं की मी स्वतः घेऊन येतो. फक्त मला एक सांगा. का?

रामकिसन

•

अणदूर
९ जून १९८७

रामकिसन,

तू आलास, दोन दिवस गाडीखाली काढलेस, हेड बसवलंस आन् परत गेलास. त्या दोन दिवसांत तू इचारलं न्हाईस आन् म्या सांगितलं न्हाय. तू पाना मागायचास, म्या द्यायचा, तेवढंच. आता लिहितो. तोंडावर जमलं नसतं.

जानेवारीत तुला पत्र टाकलं, त्याच्या दुसऱ्या दिवसापासनं मचूळच घातलं. बोअरचं पाणी कॅनमधे भरून पायाशी ठिवायचो. वर गेल्यावर झाकण उघडून ते ओतायचो, आन् गाडीच्या नावाची गोडी घागर केशरबाईला द्यायचो. दगडोबाच्या यादीत गाडीची घागर म्हणून खूण व्हायची, त्यामुळं कुणी इचारायचं न्हाय.

का म्हणलास. म्या लहानपणी विहिरीच्या कडंला ओंजळ पुढं करून उभा राहिलेला माणूस हाय. वरनं कुणी ओतलं तर पाणी, न्हायतर उन्हात उभं. तुझ्या आईला इचार. तर ती बाई रिकामी घागर घिऊन उभी, आन् म्या तिच्या म्होरं लोखंडाला गोडं पाणी पाजायचं. त्या दिशी घागर उचलली बी व्हती. हात वळला न्हाय. मग वाटलं, इंजन नवं हाय, पावसाळ्यापत्तुर तगंल. तू लिहिलेलं वाचलं सगळं. मला वाटलं, हे शिकलेल्यांचे नखरे हाईत. मिल्ट्रीत आमी नाल्याचं पाणी घालायचो. पण ती गाडी रोज उकळत नव्हती, हे ध्यानात घेतलं न्हाय.

तुझं वेल्डिंगचं पत्र आलं तेव्हा मला बरं वाटलं. हे लिहितोय कारण हे बी खरं हाय. वाटलं, चला, माझ्यामुळं न्हाय. म्हणून तसलं पत्र लिहिलं तुला. तू मला सांगायचं व्हतं, असं लिहिणारा मी.

गेल्या सोमवारी सोसायटीची सभा झाली. वस्तीचे उरलेले लोक बी आलेले, टँकरचं इचारायला. म्या उभा राहिलो आन् सगळं सांगितलं. रामकिसननं मारून घेतलेलं वेल्डिंग तुटलं न्हाय, पाणी मचूळ व्हतं, घालणारा मी. ठराव बुकातलं पान दुरुस्त करून घेतलंय, खाली माझी सही हाय. तू चीर लपवलीस ते मला पटलं न्हाय, आजबी न्हाय. पण ते येगळं.

नानासाहेब सभा संपल्यावर बाजूला घिऊन म्हणले, पिराजी, गप राहिला असतास तर भागलं असतं, मिटलं व्हतं. नोकरीवरनं काढलं न्हाय. दुसरा ड्रायव्हर कोण येतोय हितं.

पण म्या सांगताना एक चूक केली. गोडी घागर कुणाला दिली, ते बी सांगितलं. मला वाटलं सगळं सांगायचं म्हंजी सगळं. केशरबाई तिथंच, बायांच्या मागं बसली व्हती. मग दगडोबा म्हणला, म्हंजी केशरबाईनं गाडी पिली.

कुणी हसलं न्हाय. पण सांजपत्तुर सगळ्या गावात तेच झालं. केशरबाईनं गाडी पिली. पोरं बी म्हणायला लागली.

आता वर अकराच घरं हाईत. एका खेपंत भागतंय, उरतंय. म्या दगडोबाला सांगून यादीत तिचं नाव घालून घेतलं, आता कुणी न्हाय म्हणलं नसतं. मंगळवारी टाकी घिऊन गेलो तर ती रांगंत न्हाय. घरी गेलो. उंबऱ्यात बसून गठुडं बांधत व्हती. म्या म्हणलं, नाव घातलंय, पाणी पुष्कळ हाय आता.

म्हणली, "तुमी मला सांगायचं व्हतं, दादा. म्या न्हाय म्हणले असते."

म्या म्हणलं, म्हणून तर सांगितलं न्हाय.

म्हणली, "मग आता तरी कशाला सांगितलं."

हायवेपत्तुर गाडीत बस म्हणलो. बसली न्हाय. गठुडं डोक्यावर घिऊन चालायला लागली. म्या टाकी रिकामी केली आन् खाली निघालो, तर ती घाटात पुढं. रस्ता तुला ठावं हाय, एका गाडीपुरता. ती बाजूला झाली न्हाय. म्या हॉर्न वाजवला न्हाय. साडेतीन मैल तिच्या मागं मागं पहिल्या गिअरात आलो. तिनं एकदा बी मागं बघितलं न्हाय, आवाज तर येतच व्हता.

हायवेला ती सोलापूरच्या यष्टीत बसली. तिकडं तिचं कोण हाय मला ठावं न्हाय. तुझ्या आईला सांग, बाजारात, कामावर कुठं दिसली तर चहा पाज म्हणावं, गाडीचं नाव काढू नको.

तुझं इंजन बेस चाललंय. सगळ्या घाटात काटा मधातच राहिला. आता गोडंच पाणी घालतो, पुष्कळ उरतंय.

मामा